काडीइतकं अंतर

जमिनीवर पडलेली एक काडी राजाने उचलली आणि दोन धर्मांतलं अंतर तिने मोजलं.

साल 615च्या आसपासचं. मक्केत मुहम्मद पैगंबरांच्या मूठभर अनुयायांचा छळ चालला होता. त्यांतले काही जण तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या मुलखात, म्हणजे आज इथिओपिया-इरिट्रिया आहेत त्या बाजूच्या ख्रिस्ती राज्यात, आश्रयाला गेले. तिथल्या राजाला अरब लोक नजाशी म्हणत. मक्केच्या कुरैशांनीही मागोमाग नजराणे देऊन वकील धाडले: आमची पळून आलेली माणसं आमच्या हवाली करा. राजाने निर्वासितांना बोलावून घेतलं आणि तुमचा धर्म काय ते सांगा म्हणाला. त्यांच्या वतीने पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर उभे राहिले. त्यांनी कुराणातल्या ‘मरियम’ या प्रकरणाचा सुरुवातीचा भाग म्हणून दाखवला. ऐकता ऐकता राजाची दाढी आसवांनी भिजली आणि धर्मगुरूंच्या पुढ्यात उघडलेल्या पोथ्याही भिजल्या, असं सांगतात.

सर्वधर्म संमेलनांत ही गोष्ट नेहमी इथेच थांबवतात. टाळ्या पडतात, समईची वात सारखी केली जाते, अल्पोपाहाराची घोषणा होते. पण गोष्ट इथे संपत नाही. कुरैशांचा वकील अम्र इब्न अल-आस हा पक्का मुत्सद्दी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दरबारात गेला आणि राजाला म्हणाला, येशूबद्दल हे लोक काय बोलतात ते एकदा विचारा तर खरं. आता जाफर पेचात सापडले. आश्रय टिकवायचा तर राजाच्या मनासारखं बोलणं सोयीचं होतं. पण आपल्याला जे शिकवलंय तेच त्यांनी सांगितलं: येशू हा अल्लाहचा दास, त्याचा प्रेषित, त्याच्याकडून आलेला आत्मा आणि कुमारी मरियमच्या ठायी घातलेला त्याचा शब्द. ‘पुत्र’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तेव्हा राजाने ती काडी उचलली. तुम्ही जे सांगितलंत त्याच्यापुढे येशू या काडीएवढाही जात नाही, म्हणाला. भोवतीचे धर्मगुरू नाकातून फुरफुरले. फुरफुरा हवं तेवढं, राजा म्हणाला, ही माणसं माझ्या राज्यात सुरक्षित आहेत.

ही कथा मुस्लिम परंपरेने जपलेली. इब्न इस्हाकने प्रसंगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या पैगंबरचरित्रातून ती आपल्यापर्यंत आली. तिचा तपशील इतिहासाच्या तराजूत किती भरेल तो भाग वेगळा. मला तिच्यात मोह पडतो तो त्या फुरफुरणाऱ्यांचा. जाफरांचा खरेपणा सगळे वाखाणतात, राजाचं औदार्यही वाखाणतात. धर्मगुरूंची बाजू घेणारा कुणी भेटत नाही. त्यांना दिसलं होतं की अंतर काडीएवढं असेल, पण ते नेमक्या गाभ्याच्या जागी आहे. आणि मराठी माणसाला वेगळं सांगायला नको की काडी ही साधी वस्तू नव्हे. बुडत्याला आधार तिचा, आग लावायलाही तीच, आणि संसार मोडला तर होतो तो काडीमोड.

आधी आधाराची काडी घेऊ.

कोकणच्या किनाऱ्यावर नुसती माणसांची नावं ऐकत गेलं तरी केवढी भावकी निघते. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान वस्तीत इब्राहिम, इसाक, याकूब, युसुफ, मूसा, झकेरिया, यहया, इलियास, मरियम घरोघर भेटतात. मराठी बायबल उघडलं की हीच मंडळी अब्राहाम, इसहाक, याकोब, योसेफ, मोशे, जखऱ्या, योहान, एलीया, मरीया होऊन पुढे येतात. गोव्यात पोर्तुगिजांच्या तोंडून गेलेला योसेफ ‘जुझे’ झाला आणि योहान ‘जुवांव’. अलिबागकडचे बेने इस्राएली, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, ‘एलियाहू हन्नबी’ म्हणजे संदेष्टा एलियाहू याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत अशी त्यांची श्रद्धा. मलिदा हा शब्द मुसलमानांच्या दर्ग्यातलाही. तिथे तो कुस्करलेल्या चपातीचा असतो, एवढंच. ‘हन्नबी’तला हिब्रू नबी आणि अरबीतला नबी हे सख्खे शब्द आहेत. तो एलियाहू, हा इलियास, आणि वसईच्या चर्चमधल्या वाचनातला एलीया, तिन्ही नावांचा माणूस एकच.

योहानाचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. 24 जूनला गोव्यात त्याचा सण असतो, सांजांव. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घातलेली पोरं ऐन पावसात विहिरींत उड्या मारतात, वर आलं की फेणी आणि फणस तयार असतो. मरीया भेटायला आली तेव्हा आईच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, त्या उडीची ही आठवण. तोच योहान कुराणात यहया. दमास्कसच्या उमय्या मशिदीत, ऐन नमाजाच्या दालनात, त्याचं संगमरवरी मजार आहे. ती जागा आधी रोमन देवालयाची, मग योहानाच्या चर्चची. 705 ते 715 या काळात खलिफा वलीदने तिथे मशीद उठवली, पण योहान तिथून हलला नाही. या मशिदीचा एक मिनार ईसांच्या नावाचा आहे. जगाच्या अखेरीस ईसा पुन्हा उतरतील ते इथेच, असं मानणारे पुष्कळ. मे 2001मध्ये पोप दुसरे जॉन पॉल या मशिदीत गेले आणि यहयाच्या मजारापाशी थांबले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

मरियमचं स्थानही असंच. कुराणात नावानिशी उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. पैगंबरांची आई नाही, पत्नी नाही, कन्या नाही, मरियम. एक अख्खं प्रकरण तिच्या नावाचं. लेबनॉनमध्ये 25 मार्च हा देवदूताने मरियमला पुत्रजन्माची वार्ता दिली तो दिवस 2010पासून राष्ट्रीय सुट्टीचा आहे, कारण ती वार्ता दोन्ही ग्रंथांत आहे. कुराणात मूसांचं नाव शंभरावर ठिकाणी येतं, ईसांचं पंचवीस वेळा, मुहम्मद हे नाव फक्त चारदा. प्रेषितांमध्ये आम्ही भेदभाव करत नाही, असं श्रद्धावंतांनी म्हणावं ही कुराणाची आज्ञाच आहे. तेव्हा ईसांना मान देणं हा मुसलमानाचा मनाचा मोठेपणा नव्हे, ती त्याच्या ईमानाची अट आहे. ईसांना नाकारणारा माणूस मुसलमान राहत नाही. शेजाऱ्याच्या गुरूला मानणं हे स्वतःच्या धर्माचं कलम असलेला दुसरा मोठा धर्म मला तरी ठाऊक नाही.

इथवर सगळे खूश असतात. माझी तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. ‘म्हणजे सगळं एकच आहे’, हे ते वाक्य.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात एका गावातल्या अशाच कार्यक्रमाला मी श्रोता म्हणून गेलो होतो. मौलाना सुरेख बोलले: ईसा अलैहिस्सलाम आमचेही आहेत. शेजारी बसलेल्या फादरनी हसून मान डोलावली. कार्यक्रमानंतर मागच्या ओट्यावर चहा घेताना फादर हळूच म्हणाले, “मौलाना साहेब, तुमचे ईसा फार चांगले आहेत. पण ते माझ्यासाठी मरत नाहीत हो.” मौलानांनी बशीतला चहा संपवला आणि तितक्याच शांतपणे म्हणाले, “फादर, आम्ही ईसांचं नाव सलामाशिवाय घेत नाही. आमच्या पैगंबरांना तुमच्याकडे काय म्हणतात, ते मात्र मी कधी विचारलं नाही.” दोघेही थोडा वेळ गप्प बसले. व्यासपीठावरच्या तासाभरात जे झालं नव्हतं ते त्या ओट्यावर पाच मिनिटांत झालं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

फादरांचं म्हणणं आधी पाहू. कुराणातली जन्मकथा अशी: मरियम एकटीच दूर निघून जाते. कळा असह्य होतात तेव्हा ती खजुरीच्या खोडाला टेकते आणि याआधीच मेले असते तर बरं, असा आक्रोश करते. खालून आवाज येतो: कष्टी होऊ नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, खोड हलव, ताजा खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव. बाळंतिणीला खारीक हवीच, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल. मग ती मूल घेऊन माणसांत परतते, लोक नाही नाही ते बोलतात, ती मौन धरून नुसतं बाळाकडे बोट दाखवते, आणि पाळण्यातलं मूल बोलू लागतं. या कथेत योसेफ नाही. बेथलेहेम नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. अब्रू आणि प्राण दोन्ही पणाला लागलेली एकटी बाई आहे आणि तिच्या बाजूने उभा राहिलेला ईश्वर आहे. लूकच्या शुभवर्तमानातली कथा हिच्याहून कमी सुंदर आहे किंवा जास्त, असं मी म्हणणार नाही. ती वेगळी आहे. तिथे साऱ्या कथेचा रोख गव्हाणीतल्या मुलावर आहे, कारण स्वतः ईश्वरच तिथे उतरला आहे. इथे मूल तोंड उघडतं तेच मुळी, मी अल्लाहचा दास आहे, हे सांगायला.

शेवट तर याहून वेगळा. कुराण म्हणतं, त्यांना मारलं गेलं नाही, सुळावर चढवलं गेलं नाही, तसा भास मात्र झाला. त्या ‘भासा’चा अर्थ काय यावर भाष्यकारांनी पिढ्यानपिढ्या डोकं लढवलं. पण साध्या मुसलमानाच्या मनातला तर्क सरळ आहे: अल्लाह आपल्या लाडक्या प्रेषिताची अशी विटंबना होऊ देईल कशी? नकार आहे तो प्रेमापोटीच. आणि ख्रिस्ती माणसाचं प्रेम नेमकं त्या विटंबनेवरच जडलेलं. उत्तम शुक्रवारी वसईत क्रूसाच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्या बाईला सांगा की हे काही घडलंच नाही, तर तिच्या येशूचं उरलं काय? नजाशीची काडी मला इथे पुन्हा दिसते. तिच्यावर दुसरी काडी आडवी ठेवली की क्रूस होतो. धर्मगुरू फुरफुरले ते उगाच नव्हे.

हा फरक आपल्या भाषेच्या व्याकरणातही उतरला आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मुसलमान म्हणतो, हजरत ईसा अलैहिस्सलाम फर्मावतात. आदरार्थी बहुवचन. मराठी ख्रिस्ती म्हणतो, येशू म्हणाला. एकेरी. अनोळखी कानाला वाटेल की मुसलमानच जास्त मान देतो. पण आपण ‘ज्ञानेश्वर महाराज म्हणाले’ म्हणतो आणि ‘विठ्ठल विटेवर उभा आहे’ म्हणतो. संत अहोजाहोत, देव अरेतुरेत, आईही तशीच. येशूला एकेरीत हाक मारणारा त्याला देवाच्या जागी बसवतो, आणि अदब राखून नाव घेणारा, ते महाराज आहेत, देव नव्हेत, हे दर वाक्यात निक्षून सांगतो. अख्ख्या धर्मशास्त्राचा वाद एका क्रियापदात मावला आहे. शब्दांची गंमत आणखी एक. ‘प्रेषित’ म्हटलं की मराठी मुसलमानाला मुहम्मद पैगंबर आठवतात. मराठी ख्रिस्ती माणसाला ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले पेत्र आणि पौल आठवतात. कुराणातल्या नबीसाठी त्याच्याकडे शब्द ‘संदेष्टा’. दोघे एका व्यासपीठावर बसून ‘आपले प्रेषित’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दोन निराळ्याच मांडण्या असतात.

आणि संदेष्टा म्हणजे कोण, याचीही कल्पना एक नाही. दाविदाचं बघा. बायबलमधला राजा दावीद उरियाच्या बायकोला भोगतो, उरियाला लढाईच्या तोंडी देऊन मारतो. मग नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो: श्रीमंताची मेंढरं उदंड, गरिबाची एकच कोकरी, तीही श्रीमंताने ओढून नेली. राजा भडकतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. कुराणातही दाऊदांकडे फिर्याद येते. भिंत चढून दोघे आत शिरतात. एक म्हणतो, माझ्या या भावाकडे नव्याण्णव मेंढ्या आहेत आणि माझ्याकडे एक, तीही तो मागतोय. निवाडा देता देता दाऊदांना उमगतं की ही आपलीच परीक्षा आहे, आणि ते क्षमा मागत वाकतात. मेंढ्या त्याच. पण उरियाची बायको इथे नाही, गुन्ह्याचं नाव नाही. कारण मुख्य इस्लामी विचारात प्रेषितांना ईश्वराने मोठ्या पापापासून राखलेलं असतं. उदाहरण घालून द्यायलाच तर ते आले. बायबलला मात्र माणूस चिखलात पडल्याशिवाय ईश्वराची कृपा दिसत नाही. बायबलमधली ही प्रकरणं वाचून मुसलमान हळहळतो, आमच्या दाऊदांवर हा काय आळ! यात त्याचा द्वेष नाही, आपुलकीच आहे. पण ज्याच्या पोथीला आपण ‘बिघडलेली’ म्हणतो, त्याला ती आपुलकी गोड लागत नाही.

इथे मला माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट आठवते. लहानपणी शाळेतून शिकून आलो की बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार. आम्हाला ते फार उदार वाटे. बघा, आम्ही बुद्धालाही घेतलं. मग 1956मध्ये नागपूरच्या दीक्षेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचल्या. बुद्धाला विष्णूचा अवतार मी मानणार नाही, या अर्थाची पाचवी प्रतिज्ञा वाचताना पहिल्यांदा कळलं की आपल्या देवघरात एखाद्याला कोनाडा देणं हा दर वेळी सन्मान नसतो. तो ताबाही असतो. आणि बुद्धाला दशावतारात बसवणाऱ्या गावांनी विहीर वेगळीच ठेवली होती, हे विसरून चालत नाही.

सामायिक प्रेषितांच्या बाबतीत हा ताबा साखळीने झाला आहे. ज्यूंचे ग्रंथ ख्रिस्ती लोकांनी घेतले, त्यांना ‘जुना करार’ म्हटलं, आणि हे सगळं आमच्या येशूकडेच बोट दाखवत होतं असा अर्थ लावला. पुढे इस्लामने दोघांच्याही परंपरा आपल्या मानल्या, आणि इब्राहिम ज्यूही नव्हते, ख्रिस्तीही नव्हते, ईश्वराला शरण गेलेले होते, असं सांगितलं. प्रत्येक नव्या घराने जुन्या घराला ओसरीवर जागा दिली आणि मालकीचा कागद आपल्या नावावर केला. शेवटी आलेला नेहमी उदार दिसतो, कारण त्याला आधीच्यांना सामावून घेणं सोपं असतं. अवघड असतं मागाहून आलेल्याला जागा देणं.

म्हणून मौलानांचा ओट्यावरचा प्रश्न अन्यायाचा नव्हता. मुसलमान येशूला मानतो तसं ख्रिस्ती माणूस मुहम्मद पैगंबरांना मानत नाही, आणि त्याच्या धर्मशास्त्राच्या आत राहून मानूही शकत नाही. येशूत सगळं पूर्ण झालं म्हटल्यावर मागाहून येणाऱ्यासाठी खुर्ची उरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांविषयीचं निवेदन काढलं. मुसलमानांबद्दल आदर, त्यांची एकेश्वर उपासना, येशूला ते प्रेषित मानतात, मरियमला मान देतात, हे सगळं त्यात आहे. शतकानुशतकांच्या शिव्यांनंतर तो फार मोठा पल्ला होता. पण त्यात पैगंबरांचं नाव नाही, कुराणाचंही नाही. काहींना तो कोतेपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. जे म्हणता येत नाही ते त्यांनी म्हटलं नाही.

बगदादमध्ये 782च्या सुमारास एका ख्रिस्ती माणसाने याहून एक पाऊल पुढे टाकलं होतं. खलिफा महदीने पूर्वेच्या चर्चचा प्रमुख तिमथी याला समोर बसवून विचारलं, मुहम्मदांबद्दल तुझं म्हणणं काय? प्रश्न विचारणारा सम्राट, उत्तर देणारा त्याचा प्रजाजन. तिमथीने सांगितलं की मुहम्मद संदेष्ट्यांच्या वाटेने चालले: लोकांना मूर्तिपूजेपासून वळवून एका ईश्वराकडे नेलं, वाईटापासून रोखलं, चांगल्याला लावलं, म्हणून ते स्तुतीला पात्र आहेत. मग तू त्यांना मानत का नाहीस, या पुढच्या प्रश्नावर मात्र तो आपल्या जागेवरून हलला नाही. ‘वाटेने चालले’ या शब्दांत चापलुसी पाहणारे आहेत. गळ्याशी आलं होतं म्हणून बोलला, असं ते म्हणतील. मला ते वाक्य फार कसबी वाटतं. त्याने एकही खोटा शब्द काढला नाही आणि जेवढं देता येईल तेवढं सगळं दिलं. त्याच चर्चेत त्याने एक दृष्टांत दिला: अंधाऱ्या घरात मोती पडला, सगळे चाचपडू लागले, कुणाच्या हाती मोती आला, कुणाच्या काच, कुणाच्या खडा, उजाडेपर्यंत जो तो आपल्याकडेच मोती आहे म्हणणार. सगळ्यांकडे मोती आहे असं तो म्हणत नाही, हे ध्यानात घ्या. मोती एकच आहे, आणि उजाडायचं अजून बाकी आहे.

राज्य कुणाचं, यावर अशा चर्चांचा सूर ठरतो, हेही बोललं पाहिजे. अकबराने गोव्याहून जेझुइट पाद्री बोलावले; 1580मध्ये रुडॉल्फ अक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि त्यांचा दुभाषी सोबती फतेहपूर सिक्रीला पोचले. त्यांनी बहुभाषी बायबलचे खंड नजर केले, तेव्हा बादशहाने ते डोक्याला लावले आणि यात इंजील कुठला, असं विचारलं. इंजील म्हणजे येशूवर उतरलेला ग्रंथ, ही मुसलमानाची समजूत त्या प्रश्नात आहे. पाद्र्यांनी दरबारात पैगंबरांवर बोचरी टीका केली, तीही ऐकून घेतली गेली. फतेहपूरच्या बुलंद दरवाजावर आजही मरियमपुत्र ईसांच्या नावे एक वचन कोरलेलं आहे: जग हा पूल आहे, त्यावर घर बांधू नये, अशा अर्थाचं. शुभवर्तमानांत ते सापडत नाही. मुस्लिम परंपरेने जपलेला हा वेगळाच फकीर ईसा आहे.

पण अक्वाविवाची गोष्ट फतेहपूरला संपत नाही. 1583मध्ये तो गोव्याला परतला आणि त्याच जुलैमध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी चार सोबत्यांसह मारला गेला. पोर्तुगिजांनी तिथली देवळं पाडली होती. पाद्री पुन्हा आलेले पाहून गाव उठलं. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी ठार केलं. जो माणूस परक्या दरबारात निर्धास्त बोलत होता, त्याला आपल्याच राजाच्या मुलखात जीव गमवावा लागला. मतभेद ऐकून घेणारा बादशहा होता तिथे काडी हातात राहिली, जिथे देवळं पाडून झाली होती तिथे तिने पेट घेतला. त्यात सामायिक संदेष्टे असण्या-नसण्याचा काही संबंध नव्हता.

तसा तो पाकिस्तानातही नसतो. आसिया बीबी ही पंजाबातली ख्रिस्ती शेतमजूर बाई. पाण्याच्या भांड्यावरून मुसलमान बायकांशी वाद झाला, मग पैगंबरांची निंदा केल्याचा आरोप आला; 2010मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि सुटकेचा निकाल लागला ऑक्टोबर 2018मध्ये. तिला तुरुंगात धाडणाऱ्या प्रत्येकाच्या ईमानात ईसांचा मान सक्तीचा होता. तो मान ईसांना मानणाऱ्या बाईपर्यंत पोचला नाही, तिने भरलेल्या पाण्यापर्यंतही नाही. आपल्याकडच्या वेगळ्या विहिरीहून हे पाणी निराळं नाही. गुरू सामायिक असला म्हणजे शिष्य आपोआप माणूस ठरतो, ही आशा मी कधीच सोडून दिली आहे. नजाशीनेही जाफरांना आसरा दिला तो काडी मोजायच्या आधी, पहिल्याच दिवशी. काडीचं माप नंतर आलं. ते काडीऐवजी वाशाएवढं निघालं असतं तरी त्या राजाने पाहुण्यांना हाकललं नसतं, असं मला वाटतं.

मग सामायिक प्रेषितांचा उपयोग काय? माझ्या मते एकच, पण तो मोठा: त्यांच्यामुळे भांडण नीट करता येतं. ज्याला इब्राहिम ठाऊकच नाहीत त्याच्याशी कुठल्या मुलाचा बळी द्यायचा होता यावर वाद कसा घालणार? कुराणात त्या मुलाचं नाव नाही. तबरीसारख्या थोर भाष्यकाराने तो इसाक असं मानलं, पुढे सर्वसाधारण मत इस्माईलवर स्थिरावलं. म्हणजे शेजाऱ्याशी असलेला वाद आधी स्वतःच्याच घरात होऊन गेलेला. असं भांडण भाऊबंदकीसारखं असतं. बांध कुठे आहे हे दोघांनाही नेमकं माहीत असतं.

पैगंबरांच्या शेवटच्या वर्षांत, साधारण 631मध्ये, नजरानच्या ख्रिस्ती लोकांचं साठेक जणांचं शिष्टमंडळ मदिनेला आलं, हीही कथा इब्न इस्हाकचीच. उंची वस्त्रांत ते थेट मशिदीत आले. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तशी तिथेच उभे राहिले. मुसलमान दक्षिणेला, मक्केकडे तोंड करून नमाज पढत. यांनी पूर्वेकडे तोंड केलं. काही जण अडवायला पुढे सरसावले. असू द्या, पैगंबर म्हणाले. एकाच अंगणात प्रार्थनेच्या दोन दिशा एकमेकींना काटकोनात. मग येशूवरून वाद झाला, कडकच झाला. जो खोटा त्याच्यावर ईश्वराचा शाप पडो, अशी शपथ घेण्यापर्यंत गोष्ट गेली आणि नजरानवाले त्यातून मागे सरले. त्यांनी धर्म बदलला नाही. दरसाल दोन हजार वस्त्रं खंडणी द्यायची, बदल्यात त्यांच्या चर्चना आणि धर्मगुरूंना हात लागणार नाही, असा करार झाला. पुढे खलिफा उमर यांच्या काळात त्यांना नजरानमधून हलवून इराककडे वसवलं गेलं, तेव्हा या कथेला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही.

पण त्या दिवशी निघताना त्यांनी पैगंबरांकडे एक मागणी केली. पैशांवरून आमच्यात आपसांत काही तंटे आहेत, तुमचा एखादा भरवशाचा माणूस निवाडा करायला बरोबर द्या. पैगंबरांनी अबू उबैदा इब्न अल-जर्राह यांना दिलं. येशूचा वाद मदिनेतच तसाच ठेवून, पैशांच्या वादाला पंच बरोबर घेऊन, ती मंडळी नजरानच्या वाटेला लागली.